दीड सूत

सोमवारी फाउंड्रीला सुट्टी असे, तरी महिपत मेस्त्री नेहमीप्रमाणे सहाला उठला. विहिरीवरून दोन हंडे आणून त्याने मोरीतल्या पिंपात ओतले, दाढी केली आणि दमयंतीने पुढे केलेला चहा पडवीच्या पायरीवर बसून घेतला. सात वाजायला दहा मिनिटे असताना त्याने पडवीतल्या टेबलावरचे गोणपाट उचलले. त्या टेबलावर सकाळचा उजेड डावीकडून येई आणि साडेनऊला फणसाच्या आड जाई. तेवढ्या अडीच तासांत हातून जे होई तेच खरे काम, असे तो मानत असे.

टेबलावर दोन वस्तू होत्या. एक दीड वीत लांबीचा सागवानी पाटा. त्याला चार चाके बसवलेली होती आणि चाकांवरची टायरे जुन्या ऑइल सीलच्या रबरातून कातलेली होती. दुसरी वस्तू म्हणजे मोटारीचे अंग. शिवणीच्या लाकडाच्या एका अखंड ठोकळ्यातून पटाशीने आणि कानशीने काढलेले, आतून अंडे पोखरावे तसे पोखरलेले. मोटार शर्यतीची होती. फ्रान्समध्ये ल मां म्हणून गाव आहे, तिथे दरवर्षी चोवीस तासांची शर्यत होते. ती १९६९ साली जिंकलेली ही फिकट निळी, नारिंगी पट्ट्याची, सहा नंबरची गाडी. जमिनीपासून छतापर्यंत अवघी चाळीस इंच. महिपत फुटाला इंच या मापाने मोटारी करत असे, म्हणजे त्याच्या टेबलावर तिची उंची सव्वातीन इंचांहून किंचित जास्त भरायला हवी होती.

"आज बाजारात जाणार, का गाडीच चालवणार?" दमयंतीने आतून विचारले.

"चालत नाय ती."

"मग तिला चार चाकं कशाला? दोनावर भागलं असतं."

तो हसला नाही. गेला महिनाभर तो फारसा हसत नव्हता आणि दमयंतीनेही ते लक्षात आल्याचे दाखवले नव्हते.

आतल्या फळीवर अशाच तीन मोटारी पुऱ्या होऊन बसल्या होत्या. पैकी हिरवी, जिच्या पाठीवर मुशी माशासारखे उभे पर होते, ती सर्वांत जुनी. ही सगळी हौस नझीरची. नझीर मिरकरवाड्यातला लाँचचा मेकॅनिक. त्याचा भाऊ बहारीनला एका गॅरेजात होता आणि तिथे रद्दीत निघालेली मोटारींची इंग्रजी मासिके तो सुट्टीवर येताना नझीरसाठी आणी. नझीरला इंग्रजी वाचता येत नसे. पण आकडे येत, आणि चित्रातले इंजिन तो एखाद्या हकिमाने नाडी पाहावी तसे पाही. "महिपतदा, चोवीस तास इंजिन बंद करायचं नाय. आमचं काम दुसरं काय हाय? फरक इतकाच, यांना बघायला लोक जमतात." महिपतने अंग कोरायचे आणि नझीरने तारेतून, पत्र्यातून इंजिन करायचे, अशी त्यांची आठ वर्षांची वाटणी होती. झाकण लावल्यावर ते इंजिन दिसत नसे. नझीरला त्याचे काही वाटत नसे. "दिसत नाय म्हणून नसलं तर चालंल काय? तुझं काळीज दिसतं काय?"

नझीर महिन्यात फिरकला नव्हता. कारण गावाला ठाऊक होते. नारळी पौर्णिमेनंतर पंधरा दिवसांनी गफूर तांडेलाची लाँच जयगडच्या बाहेर बुडाली. पंख्याचा दांडा जिथून लाँचच्या बाहेर जातो, तिथे पाणी आत येऊ नये म्हणून गनमेटलचा, म्हणजे पितळेसारख्या धातूचा ओतीव ग्लँड असतो. तो तडकला आणि पाणी आत आले. तिघे रिकामी पिंपे धरून तरंगले. गफूर आणि त्याचा खलाशी बाबल्या सापडले ते तिसऱ्या दिवशी. अर्धवट बुडालेली लाँच ओढून आणल्यावर ग्लँड काढला गेला. तो नवा होता, याच पावसाळ्यात बसवलेला, आणि बसवणारा नझीर. त्याने बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले, धातूला ताण बसला, असे सगळे म्हणू लागले. चौकीवर त्याला दोनदा बोलावणे झाले होते.

महिपतलाही तेच खरे वाटले होते. माणूस चुकतो, नझीरही चुकला. या समजुतीत त्याने मित्राकडे जाणे टाळले होते. समोर बसून काय बोलावे, ते त्याला सुचत नव्हते.

सव्वासातला त्याने अंग उचलून पाट्यावर ठेवले. पावसाळाभर अंग वेगळे आणि पाटा वेगळा होता. दोघांची गाठ आज पहिल्यांदा पडत होती. पुढची चाके कमानीत नीट बसली. मागची बसली नाहीत. चाक कमानीच्या मधोमध यायला हवे, ते पुढच्या कडेला सरकलेले दिसत होते. त्याने अंग उचलले, फिरवले, पुन्हा ठेवले. मग टेबलाच्या खणातली पोलादी पट्टी काढून पाट्यावरची चाके मोजली. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत आठ इंचांना पाऊण सूत कमी यायला हवे होते; सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. मासिकात छापलेल्या पंचाण्णव इंचांचे फुटाला इंच या मापाने तेवढेच होते. पट्टीवर ते पावणेदोन सुतांनी कमी आले. त्याने अंगावरच्या कमानी मोजल्या. त्या अचूक आल्या.

पाटा एका सुताने आखूड होता. महिपतच्या हातून एक सूत जात नसे. बत्तीस वर्षे, आधी मुंबईला आणि मग इथे रावजीशेठच्या फाउंड्रीत, त्याने ओतकामाचे साचे ज्यांवरून पाडतात ते लाकडी नमुने केले होते आणि त्याच्या नमुन्यात कुणी पाव सुताचीही चूक दाखवली नव्हती.

पाटा त्याने वैशाखात केला होता आणि अंग श्रावणात. मध्ये काय झाले, ते त्याला हळूहळू आठवत गेले.

नमुने करणाऱ्याजवळ दोन पट्ट्या असतात. एक साधी. दुसरी थोडी वाढवलेली, कारण ओतलेला धातू निवताना आकसतो. पितळ आणि गनमेटल फुटाला दीड सूत आकसतात. म्हणून त्या पट्टीवरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा दीड सूत लांब छापलेला असतो. त्या पट्टीने केलेला नमुना मोठा होतो आणि ओतीव वस्तू निवून बरोबर मापाला येते. ही पट्टी फाउंड्रीत राही, साधी घरी. दोन्ही एकाच कंपनीच्या होत्या, एकाच पोलादाच्या, आणि वाढीव पट्टीच्या टोकावरची अक्षरे अंगठ्याने केव्हाच पुसली गेली होती. त्याचे त्याला कधी काही वाटले नाही, कारण कुठली कुठे असते हे ठरलेलेच होते.

दर वर्षी मृगाच्या आधी तो फाउंड्रीतली सगळी हत्यारे घरी आणी, पुसून खोबरेल लावून गंज अडवी आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत भरून परत नेई. यंदाही त्याने तसेच केले होते.

उठून त्याने काल धार लावायला म्हणून घरी आणलेली फाउंड्रीची पिशवी काढली. तिच्यातली पट्टी आणि खणातली पट्टी टेबलाच्या कडेला शेजारी शेजारी लावून त्यांची सुरुवातीची टोके नखाने जुळवली. पहिल्या इंचावर काही कळत नव्हते. चौथ्यावर रेघा थोड्या फाकल्या. बाराव्या इंचावर फरक दीड सुताचा होता आणि वाढीव पट्टी ही खणातली, घरची होती.

म्हणजे जूनपासून फाउंड्रीत साधी होती. जूनपासून त्याने एकच मोठा नमुना केला होता, लाँचच्या ग्लँडचा.

दमयंती दाराशी आली तेव्हा तो पट्ट्यांकडे पाहत उभा होता. "काय झालं?" तिने विचारले. "गाडी बिघडली?"

"नाय," तो म्हणाला. "गाडी बरोबर हाय."

मंगळवारी सकाळी तो फाउंड्रीत सर्वांच्या आधी गेला. लाँचच्या ग्लँडचे एकूण सहा नग ओतले होते, नारळी पौर्णिमेच्या आत माल हवा म्हणून घाईने. एक गफूरच्या लाँचला गेला, चार दुसऱ्या लाँचांना, आणि एक फळीवर शिल्लक होता. तो त्याने लेथवाल्याच्या कॅलिपरने मोजला. आतले भोक नकाशाप्रमाणे होते, कारण ते लेथवर काढतात. बाहेरचे अंग मात्र जसे ओतले तसेच राहते आणि ते सहा इंचांना पाऊण सुताने कमी होते. दोन सुतांची भिंत हवी तिथे दीडाच्या आसपास. ओतताना साच्यातला, भोकासाठी ठेवलेला गाभा एका अंगाला थोडा सरकतोच, तेवढी सवड वाढीव मापात धरलेली असते. इथे सवड नव्हतीच. या शिल्लक नगाच्या एका अंगाला एका सुताची भिंत उरली होती. तिला बाहेरून अंगठा लावून तो उभा राहिला.

रावजीशेठ आल्यावर त्याने सगळे सांगितले. नग पुढे ठेवला. रावजीशेठांनी मध्ये एकदाही अडवले नाही. ते स्वतः ओतारी म्हणून सुरू झालेले, दीड सूत म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

"कुणाकुणाला ठाऊक हाय?" त्यांनी शेवटी विचारले.

"मला. आणि आता तुमाला."

"घरी?"

"घरी पण नाय."

रावजीशेठांनी दार लोटून घेतले. "हे बघ मेस्त्री. चार लाँचा अजून पाण्यात हायत. ते पयलं. तू आज नवा नमुना धर, परवा ओतू, आठ दिवसांत चारी बदलून टाकू. सांगू, सुधारून केलाय, कंपनीकडनं फुकट. कोण नको म्हणंल?"

"आणि नझीर?"

"नझीरला काय फाशी होणार हाय काय? चार महिने लोक बोलतील. मग दुसरं काय तरी घडंल, त्याचं बोलतील."

"दोनदा चौकीवर बोलावला त्याला."

"बोलावला नि सोडला." रावजीशेठ खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चौदा माणसं हायत माझ्याकडं. तू बोललास तर मिरकरवाड्यातनं एक खिळा कुणी माझ्याकडून नेणार नाय. गफूर परत येणार हाय? बाबल्या येणार हाय? येणार असलं तर आत्ता चौकीवर जाऊ या दोघं."

महिपतने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते त्याचे त्यालाही नक्की सांगता आले नसते. पण त्याने त्याच सकाळी नवा नमुना धरला.

चारही ग्लँड नवव्या दिवशी बदलून झाले. लाँचवाले खूश होते. एकाने रावजीशेठांना सुरमईची जोडी पाठवली. काढून आणलेले जुने नग महिपतने स्वतः भट्टीत घातले आणि वितळेपर्यंत तिथे थांबला. आता समुद्रात कुणाला धोका नव्हता. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत डबा उघडताना त्याच्या लक्षात आले, की आपल्याला जेवण जाईल असे वाटत होते आणि ते जात नाही.

त्याच संध्याकाळी तो मिरकरवाड्यात नझीरच्या घरी गेला.

आसियाने दार उघडले. नझीरची बायको बोलघेवडी होती. एरवी तिने त्याला दारातच धरले असते. आज तिने नुसते "या, भाऊ" म्हटले आणि ती चहा ठेवायला आत गेली. नझीर खाटेवर बसला होता. खोलीच्या कोपऱ्यात जिथे त्याची पान्यांची पेटी असे, तिथे फरशीवर नुसता तेलाचा चौकोनी डाग होता.

"पेटी?" महिपतने विचारले.

"दिली मेहुण्याला. पडून काय उपेग?" नझीर बाजूला सरकला. "बस. वाट चुकलास काय आज?"

"कामात होतो."

"आयकलं. नवीन ग्लँड बदललेत म्हणं सगळ्यांचे. बरं केलात." तो खरेच मनापासून बोलत होता. "सहा नंबरची कुठपर्यंत आली?"

"अंग झालं. पाट्यावर बसत नाय. एका सुताचा फरक."

"तुझ्या हातचं?" नझीरच्या चेहऱ्यावर जुने हसू क्षणभर आले. "म्हातारा झालास. मग पाटा नवीन कर ना. अंगाला जुळवून पाटा केलास की झालं, वरनं बघणाऱ्याला काय कळतंय?"

आत स्टोव्हचा आवाज येत होता.

"मी रोज मोजतो," नझीर अचानक म्हणाला. त्याने दोन्ही हात पुढे धरले, जणू पाना हातात आहे. "चार बोल्ट. हातानं लागंल तिथवर, मग पाव फेरा, मग समोरचा पाव फेरा. नेहमीचं. पन्नास ग्लँड बसवले असतील मी. पण त्या दिवशी बाबल्या बाजूला बसून गोष्टी सांगत होता, त्याच्या पोरीच्या लग्नाच्या. मी हसत होतो. त्यात एखादा बोल्ट मी दोनदा आवळला असंल. आठवत नाय, पण असंलच. त्याबिगर नवा धातू तडकतो काय?"

"नझीर..."

"नाय, आयक. पयल्यांदा मी चौकीवर सांगितलं, माझी चूक नाय. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं, असंल. आता बोलावतील तेव्हा सांगणार, व्हय, मी केलं. मनाला तेवढं बरं वाटंल." त्याने हात खाली घेतले. "बाबल्याची बायको परवा मासळी बाजारात दिसली. तिनं मला बघितलं नाय. मी बघितलं तिला."

आसियाने चहा आणून ठेवला. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. महिपतकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात एक साधी विनंती होती, की तुम्ही मित्र आहात, काहीतरी बोला. महिपतने कप उचलला. जे बोलायचे ते त्याच्या जिभेवर होते. पण इथे, या खाटेवर बसून ते सांगितले तर काय होईल, ते त्याला स्वच्छ दिसले. नझीर त्याला जवळ घेईल. नझीर म्हणेल, जाऊ दे महिपतदा, कुणाला सांगू नको. आणि मग ते दोघांच्या मध्येच राहील, आणि नझीर तिसऱ्या वेळी चौकीवर जाऊन जे सांगायचे ठरवले आहे तेच, आता मित्रासाठी म्हणून, सांगून येईल. नझीर असाच होता.

त्याने चहा संपवला आणि तो उठला.

घरी आल्यावर त्याने दमयंतीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सारे सांगितले, पट्ट्यांपासून भट्टीपर्यंत. ती भाकरी थापत होती. मध्ये एकदा तिचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"नझीरभाईंना सांगितलंत?"

"नाय."

"मग मला कशाला सांगताय?" तव्यावरची भाकरी तिने उलटली. मग ती म्हणाली, "तुमच्या इस्तरीच्या कपड्यांतला एकच सदरा चांगला हाय. कॉलरीला टाका घालून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाउंड्रीच्या वाटेला वळला नाही. दमयंतीच्या हाती त्याने रावजीशेठांसाठी निरोप दिला होता, फक्त एवढाच, की मेस्त्री आज चौकीवर गेलाय. नऊच्या सुमाराला तो चौकीच्या ओसरीवर उभा होता. हवालदार ओळखीचा होता. त्याने खुर्ची दाखवली.

"काय मेस्त्री, फाउंड्रीत चोरी-बिरी?"

"गफूर तांडेलाच्या लाँचचा जबाब द्यायचाय."

"तुमचा काय संबंध?"

"तेच लिहून घ्या."

हवालदाराने आधी ऐकून घेतले. त्याला पट्टीचा प्रकार कळायला वेळ लागला. महिपतने टेबलावर दोन काड्या मांडून, धातू कसा आकसतो आणि भिंत कशी पातळ होते, ते न कंटाळता दोनदा समजावले. काल निघताना फळीवरून पिशवीत टाकलेला शिल्लक नग आणि दोन्ही पट्ट्या त्याने फडक्यात बांधून आणल्या होत्या. हवालदाराने त्या वस्तू नोंदवून कपाटात ठेवल्या. इतर चार नग वितळवले, हेही महिपतने सांगितले आणि ते आपण स्वतः वितळवले, असेही. मग लिहिणे सुरू झाले. नाव, वय, धंदा, राहणार. जबाब दीड पान झाला. हवालदाराने तो मोठ्याने वाचून दाखवला. बाकी सर्व नीट होते, पण नझीरचे नाव अगदी शेवटी, एका लांब वाक्याच्या पोटात आले होते.

"एक बदल करायचाय," महिपत म्हणाला. "नझीरनं ग्लँड बसवताना काही चूक केली नाय, हे पयलं वाक्य घाला. मग माझं."

"अहो, आलंय ना ते खाली."

"खाली कोण वाचतं?"

"सगळं परत लिहावं लागंल, मेस्त्री. कार्बन लावून तीन प्रती."

"लिहा. मी थांबतो."

हवालदाराने त्याच्याकडे पाहिले, मग खणातून कोरे कागद काढले, त्यांत कार्बन सरळ केले आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतले. बाहेर मासळीच्या पाट्या घेऊन बाया बाजाराकडे चालल्या होत्या. पुरा जबाब लिहून झाल्यावर महिपतने तो ओळीखाली बोट धरून वाचला आणि तिन्ही प्रतींवर सही केली.

"साहेब अकराला येतील," हवालदार म्हणाला. "तोवर तुम्हाला जाता येणार नाय."

"माहीत हाय," महिपत म्हणाला, आणि भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसला.